‘टू पॉइंट फोर’ : दहावीच्या निरोप समारंभातील एका मतदानाचे प्रकरण

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दहावीचा निरोप समारंभ झाला आणि त्यानंतरच्या सोमवारपासून ‘ब’ तुकडीतील एक विद्यार्थी शाळेत आला नाही. सराव परीक्षा संपली की अनेक मुले घरीच बसून अभ्यास करतात, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस त्याची गैरहजेरी कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या सरावालाही तो आला नाही आणि बोर्डाच्या परीक्षेचे प्रवेशपत्र घेण्यासाठी त्याच्याऐवजी त्याचे वडील आले, तेव्हा वर्गशिक्षिकेने मला कळवले. त्या शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. शाळा कोथरूडच्या बाजूची, सेमी-इंग्रजी माध्यमाची आहे; याहून अधिक ओळख देण्याचे कारण नाही. मुलांविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत. मतांचे आकडे मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सारे प्रकरण त्या आकड्यांवरच उभे आहे.

शाळेपुढे पुढे जो प्रश्न आला तो असा : निरोपाच्या कार्यक्रमात मुलांनी नाचावे, गावे, फोटो काढावेत हे ठीक, पण त्याच कार्यक्रमात मतदान घेऊन ‘सर्वांत लोकप्रिय’ विद्यार्थी जाहीर करावा का?

समारंभाची घडण

या शाळेत दहावीला निरोप देण्याचे काम नववीकडे असते. नववीची मुले वर्गणी काढतात, सभागृह सजवतात, सामोसे आणि गुलाबजाम मागवतात आणि शेवटचा तासभर डीजे लावतात. दहावीच्या मुली त्या दिवशी आईची साडी नेसून येतात. मुलांपैकी काही जण भाड्याचा ब्लेझर घालतात, काही जण भावाच्या लग्नातला कुर्ता. तो एक तास मुलांच्या दृष्टीने खरा कार्यक्रम असतो. आधीची भाषणे ती केवळ सहन करतात, आणि भाषणे ऐकलेल्या माणसाला त्यांचा रागही येत नाही.

‘मिस्टर फेअरवेल’ आणि ‘मिस फेअरवेल’ हे किताब या शाळेत नंतर आले. त्यांचे मूळ अमेरिकेतील शाळांच्या प्रॉममध्ये आहे. वर्षअखेरीच्या त्या नृत्यसमारंभात ‘किंग’ आणि ‘क्वीन’ निवडण्याची तिकडे जुनी प्रथा आहे आणि दूरचित्रवाणी व चित्रपटांतून ती आपल्या महाविद्यालयांत व मग शाळांत उतरली. आपल्याकडे तिने कोणाची जागा घेतली हे पाहणे मात्र या प्रकरणासाठी अधिक उपयोगाचे आहे.

पूर्वी येथे निरोप समारंभात शेलापागोटे, म्हणजेच फिशपॉन्ड, पडत असत. पेटीत निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि निवेदकाने ज्याचे त्याचे नाव घेऊन त्याच्यावरची ओळ वाचायची, अशी ती पद्धत. ज्यांनी ती अनुभवली आहे त्यांना तिची मजाही आठवेल आणि धाकही. चांगला शेलापागोटा लिहिणे ही एक कला होती. पण दहांपैकी सात चिठ्ठ्या कोणाच्या रंगावर, उंचीवर, वजनावर किंवा बोलताना अडखळण्यावर असत. एका वर्षी एक मुलगी रडत सभागृहाबाहेर गेली आणि शाळेने ही पद्धत बंद केली. रिकाम्या झालेल्या त्या अर्ध्या तासात किताब आले. शिक्षकांना ते निर्धोक वाटले. कोणाविषयी वाईट बोलायचे नाही, केवळ कोणाचे तरी कौतुक करायचे, यात दुखावण्यासारखे काही असेल असे कोणाच्याही मनात आले नाही. माझ्याही आले नव्हते. मी त्या समारंभाला स्वतः हजर होते.

घटना

नववीच्या संयोजक गटाने किताबांची यादी प्रभारी शिक्षकांना दाखवली. शिक्षकांनी ‘बेस्ट कपल’ आणि ‘मिस ब्युटिफुल’ ही दोन नावे खोडली आणि उरलेल्यांना संमती दिली. किताबांच्या नावांकडे त्यांनी बारकाईने पाहिले, मते कशी घेतली जाणार आणि कशी मोजली जाणार याविषयी मात्र विचारले नाही.

मतदानासाठी ऑनलाइन फॉर्म तयार झाला. ‘ब’ तुकडीत ४२ विद्यार्थी, त्यांत २२ मुलगे आणि २० मुली. फॉर्ममध्ये मुलग्यांसाठी एक आणि मुलींसाठी एक असे दोन प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली त्या-त्या सर्वांची नावे हजेरीपटाच्या क्रमाने होती. नाव देण्याची किंवा मागे घेण्याची सोय नव्हती. वर्गात आहात म्हणजे उमेदवार आहात. फॉर्म करणाऱ्या मुलीने निकालाचा गोषवारा सर्वांना दिसू देणारा पर्याय चालू ठेवला होता. तिने तो जाणूनबुजून ठेवला नव्हता, हे तिच्याशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले. परिणाम असा झाला की मत देऊन झाले की एक दुवा दिसे, त्यावर बोट ठेवले की रंगीत वर्तुळालेख उघडे आणि आलेखाच्या प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवले की नाव, मतांची संख्या आणि टक्केवारी दिसे. बुधवार संध्याकाळपासून शुक्रवार रात्रीपर्यंत हा आलेख वर्गाच्या डोळ्यांसमोर वाढत होता. उशिरा मत देणाऱ्या मुलांनी पुढे असलेल्याच्याच पारड्यात मते टाकली असावीत, असा माझा कयास आहे. पण तो मुद्दा येथे दुय्यम आहे.

मुलग्यांच्या प्रश्नाला एकूण ४१ मते पडली. पहिल्याला १३, त्यानंतर ९, ६, ४, ३, ३, २ आणि शेवटच्याला १. आठ नावांतच सारी मते संपली आणि १४ मुलग्यांना एकही मत मिळाले नाही.

येथे एक विचित्र गोष्ट घडली. ज्यांना शून्य मते होती त्यांचा आलेखात तुकडाच नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्याला एक मत होते त्याचा मात्र दोऱ्यासारखा बारीक जांभळा तुकडा होता आणि त्यावर बोट ठेवले की २.४ टक्के असे उमटत असे. हा मुलगा अबोल, मागून दुसऱ्या बाकावर बसणारा, प्रयोगवही नीटनेटकी ठेवणारा. त्याला मत कोण देणार? त्यानेच स्वतःला दिले असणार, असा निष्कर्ष वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात शुक्रवारी रात्री निघाला आणि आलेखाच्या स्क्रीनशॉटखाली त्याचे नामकरणही झाले. शनिवारी तो सभागृहात आला तेव्हा तो ‘टू पॉइंट फोर’ झालेला होता.

डीजे सुरू असताना गर्दीतून कोणीतरी ओरडले, ‘टू पॉइंट फोर, एक डान्स!’ सूत्रसंचालन करणाऱ्या नववीच्या मुलाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याने उत्साहाने तेच माइकवर म्हटले, ‘कोण आहे टू पॉइंट फोर? या, या, पुढे या!’ सगळे हसले, मुलाला पुढे ढकलले गेले आणि तो अर्धा मिनिट नाचला. त्याची चित्रफीत मी पाहिली आहे. नाचताना त्याच्या उजव्या हातात सरबताचा कागदी ग्लास आहे आणि ते सांडू नये म्हणून तो हात शेवटपर्यंत छातीशी धरून आहे. भिंतीलगत उभ्या असलेल्या आम्हा शिक्षकांना वाटले, बरे झाले, हा एरवी न बोलणारा मुलगा आज मोकळा झाला. आमच्यापैकी एकांनी टाळ्याही वाजवल्या.

काय हाती लागले

पहिल्या भेटीत तो फारसे बोलला नाही. दुसऱ्या भेटीत, प्रात्यक्षिक परीक्षेचे वेळापत्रक सांगायला म्हणून मी त्याच्या घरी गेले असताना, दार लावता लावता तो म्हणाला, ‘बाई, मी फॉर्म भरलाच नव्हता.’

मी शाळेत येऊन फॉर्म पाहिला. वर्गात ४२ विद्यार्थी आणि उत्तरे ४१. वर्गशिक्षिकेने इतर कारण सांगून चौकशी केली, तेव्हा बाकी सर्वांनी फॉर्म भरल्याचे सांगितले. म्हणजे न भरलेला एकच होता आणि तो हाच. मत त्याचे स्वतःचे नव्हते; वर्गातल्या कोणीतरी २२ नावांतून त्याचे नाव निवडले होते. गंमत अशी की ४२ जणांनी मत दिले असते तरी एका मताची टक्केवारी २.४ इतकीच आली असती. आकडा दोन्ही हिशेबांनी तोच राहतो, त्यामुळे वर्गाला आपला निष्कर्ष तपासून पाहण्याची गरज भासली नाही. खाली ४१ हा आकडा लिहिलेला होता, पण तो कोणी वाचला नाही.

हे कळल्यावर वर्गशिक्षिकेची पहिली इच्छा अशी होती की उरलेल्या दिवसांत एकदा वर्ग बोलवावा आणि सर्वांना सांगावे, ‘त्याने स्वतःला मत दिलेले नाही, तुमच्यापैकीच कोणाला तरी तो आवडतो.’ ही इच्छा सद्भावनेची होती आणि ती मला बराच वेळ योग्यही वाटली. शेवटी मी ती नको म्हटले. एक तर मत देणाऱ्याचा शोध त्याच क्षणी सुरू झाला असता आणि ती मुलगी असेल तर तिचे पुढचे दोन महिने कसे गेले असते हे सांगायला नको. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आम्ही त्याची बाजू ‘त्याला एक खरे मत आहे’ या पुराव्याने मांडली असती, तर ज्या चौदा जणांना तेही नव्हते त्यांच्याविषयी काय म्हटले असते? ज्या मापाने त्याला मोजले गेले त्याच मापाने त्याची बाजू घेणे म्हणजे ते माप आम्हाला मान्य आहे असे म्हणणे होते. त्या मुलाला मात्र मी ४१ चा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि कागद मागून घेतला. त्यानंतरच्या प्रात्यक्षिक परीक्षेला तो आला.

दुसरी बाजू, जी सोपी नाही

जूनमध्ये मुख्याध्यापिकांनी याविषयी एक छोटी समिती नेमली. दोन वर्गशिक्षक, पालक-शिक्षक संघाचे एक प्रतिनिधी, आता दहावीत गेलेली संयोजक मुलगी, आणखी एक विद्यार्थी आणि मी, असे आम्ही बसलो. किताब बंद करावेत असे माझे मत तेव्हा ठरलेले होते आणि ते इतक्या सहज सिद्ध होईल अशी माझी समजूत होती, की मी तयारीही फारशी केली नव्हती.

ती समजूत मोडली ती विजेत्या मुलामुळे. १३ मते मिळवणारा हा मुलगा गणितात दोनदा नापास झालेला, बदली शिक्षकांना त्रास देणारा, पण वर्गातल्या कोणाचीही सायकल पंक्चर झाली तर ती ढकलत दुकानापर्यंत नेणारा. संयोजक मुलगी म्हणाली, ‘बाई, शाळेने दहा वर्षांत त्याला एकही बक्षीस दिलं नाही. आम्ही दिलं. बोहरी आळीतून मी स्वतः ती सॅश आणली. त्याच्या आईने ती शोकेसमध्ये लावली आहे.’ यावर कोणाकडेच चटकन उत्तर नव्हते. शाळेची बाकीची सारी बक्षिसे गुणांची, खेळांची आणि वक्तृत्वाची आहेत. ती पाच-सहा मुलांतच फिरत राहतात आणि त्यांची नावे आम्ही वर्षानुवर्षे माइकवर घेतो. त्या यादीने कधी कोणाला शून्य ठरवले नाही काय, असे तिने विचारले नाही, पण तिच्या बोलण्यात ते होते.

पालक प्रतिनिधींचे म्हणणे नेहमीचे होते : स्पर्धा सगळीकडे आहे, मुलांना सवय हवी. त्यावर मी एवढेच म्हटले की शंभर मीटर धावण्याच्या स्पर्धेत ज्याने नाव दिले आहे तोच धावतो. जो धावत नाही त्याचा कितवा क्रमांक आला हे आपण सांगत नाही. या मतदानात वर्गातल्या प्रत्येकाला, त्याला न विचारता, मार्गिकेवर उभे केले होते. गुणांच्या बक्षिसापेक्षा हे वेगळे आहे ते येथे. गुण कमी पडले तर अभ्यास करता येतो. ‘तू आवडत नाहीस’ हा निकाल हाती आल्यावर काय करायचे हे पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगू शकत नाही.

या विषयावरील जुन्या अभ्यासांचा समितीत उपयोग झाला. शिक्षकांपैकी बहुतेकांनी बी.एड. करताना समाजमिती हा भाग वाचलेला होता. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये ती पद्धत मांडली. तुला कोणाशेजारी बसायला आवडेल, असे प्रत्येक मुलाला विचारून वर्गातील नात्यांचा आराखडा काढायचा, म्हणजे एकटे पडलेले मूल शिक्षकाच्या लक्षात येते. आमच्या फॉर्मने नकळत तेच केले होते. फरक इतकाच की समाजमितीचा आराखडा शिक्षकाच्या कपाटात राहतो आणि त्यावरून बाकांची मांडणी बदलली जाते, तर आमचा आराखडा प्रत्येकाच्या फोनमध्ये गेला. १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली या संशोधकांनी दाखवून दिले की ‘कोण आवडते’ आणि ‘कोण नावडते’ हे दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात, कारण काही मुले अनेकांना आवडतात आणि तितक्याच जणांना नावडतातही, तर काहींचे नाव दोन्हीकडे येत नाही. अशा दुर्लक्षित राहिलेल्या मुलाला नाकारलेले समजणे ही चूक ठरते. १९९८ मध्ये पार्कहर्स्ट आणि हॉपमायर यांच्या अभ्यासात असे आढळले की मुले ज्यांना ‘लोकप्रिय’ म्हणतात आणि मुलांना जी खरोखर आवडतात, ते दोन गट पुरते एक नसतात; लोकप्रिय म्हणून नाव घेतलेल्यांत दरारा असलेली मुलेही बरीच असतात. तेव्हा आमच्या एका प्रश्नाने नेमके काय मोजले गेले, हे आम्हालाही सांगता आले नसते. विजेत्याला ४१ पैकी १३, म्हणजे ३१.७ टक्के मते होती. २८ जणांनी त्याचे नाव घेतलेले नव्हते.

कायद्याचा आधार शोधण्याचा प्रयत्न एका शिक्षकांनी केला, तो फार पुढे गेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलांच्या मानसिक छळास मनाई करते, पण तो कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे आणि दहावीची मुले त्या वयापलीकडे गेलेली असतात. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात मुलाच्या खासगीपणाचा हक्क आहे आणि मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचाही आहे. पहिला हक्क त्या मुलाच्या बाजूने बोलतो, तर दुसरा संयोजक मुलीच्या. मला वाटते, अशा प्रकरणात कायद्याची पाने उलटण्यापेक्षा हजेरीपट समोर ठेवून एकेक नाव वाचणे अधिक बोलके ठरते. आम्ही ते केले. चौदा नावे वाचताना वर्गशिक्षिका तिसऱ्या नावापाशी थांबल्या, कारण मुलीसारख्या नाजूक आवाजाच्या त्या मुलाने वर्षभर रोज त्यांच्या वह्यांचा गठ्ठा शिक्षक-खोलीत नेला होता आणि त्या कार्यक्रमात त्याचे नाव कोठेच आले नव्हते.

निर्णय

पर्याय तीन होते. पहिला, सर्वांना एकेक किताब द्यायचा. तो विद्यार्थी प्रतिनिधींनीच फेटाळला. त्यांच्या मते ‘मिस्टर सायलेंट’ आणि ‘मिस सिंपल’ या किताबांचा अर्थ सर्वांना कळतो. दुसरा, ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी नावे द्यावीत आणि मते मतपेटीत पडून शिक्षकांनी मोजावीत, आकडे जाहीर करू नयेत. हा पर्याय दोष कमी करणारा होता आणि तो स्वीकारला गेला असता तर मी विरोध केला नसता. पण नावे देणारी मुले कोण असतील हे आधीच ठाऊक होते आणि मग त्या मतदानाची गंमतही फारशी उरत नव्हती.

तिसरा पर्याय मान्य झाला. व्यक्तीवरचे मतदान शाळेच्या व्यासपीठावरून बंद करण्यात आले, डीजे आणि नाच तसाच ठेवला आणि जुनी शेलापागोट्यांची पेटी वेगळ्या नियमाने परत आणली. प्रत्येकाने हजेरीपटावर आपल्या पुढचे नाव असलेल्या विद्यार्थ्याविषयी प्रत्यक्ष घडलेली एक गोष्ट लिहायची. विशेषण नको, प्रसंग हवा, खाली सही हवी आणि वर्गशिक्षकांनी ती आधी वाचायची. शाळेच्या बक्षिसांविषयी संयोजक मुलीने न विचारलेल्या प्रश्नाचे काय, याची नोंद इतिवृत्तात झाली आहे. निर्णय झालेला नाही.

त्याच महिन्यात तो मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी आला होता. त्याला ७८ टक्के गुण मिळाले होते. कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहून त्याने दाखला वरपासून खालपर्यंत वाचला. ‘वर्तणूक’ या रकान्यापुढे ‘चांगली’ असे लिहिलेले होते. ‘सगळ्यांना हेच लिहितात का?’ असे त्याने लिपिकांना विचारले. ‘सगळ्यांना,’ ते मान वर न करता म्हणाले. त्याने दाखल्याची घडी केली, मला नमस्कार केला आणि तो बसथांब्याकडे गेला.

पुढच्या वर्षी

पुढचा निरोप समारंभ त्याच मुलांचा होता ज्यांनी आधीच्या वर्षी फॉर्म तयार केला होता. आमच्याच वेळी किताब का बंद, ही त्यांची तक्रार होती आणि ती समजण्यासारखी होती. समारंभाच्या आदल्या रात्री कोणीतरी इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकून मतदान घेतलेच. त्यात चारच नावे होती आणि शाळेने त्याकडे लक्ष दिले नाही. शाळेच्या माइकवरून ते वाचले गेले नाही, इतकेच आमच्या हातात होते.

चिठ्ठ्यांपैकी निम्म्या फिक्या निघाल्या. ‘तो चांगला आहे, सगळ्यांशी चांगला बोलतो’ अशा चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी परत पाठवल्या आणि ‘कधी, कुठे, काय?’ असे समासात लिहिले. दुसऱ्या खेपेला काही चांगल्या आल्या. एकीने लिहिले होते की सहावीच्या सहलीत सिंहगड उतरताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा हजेरीपटावर तिच्या पुढे असलेल्या मुलीने केसांचे रबर काढून चपलेला बांधले आणि स्वतः केस मोकळे सोडून खाली आली. ज्या मुलीविषयी हे होते तिला तो प्रसंग आठवतच नव्हता.

सर्व चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत पन्नास मिनिटे गेली आणि तेवढी डीजेची वेळ कमी झाली. त्यामुळे यापुढे चिठ्ठ्या व्यासपीठावरून न वाचता बंद पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हातात द्याव्यात, अशी सूचना मुलांनी लेखी दिली आणि मुख्याध्यापिकांनी ती मंजूर केली आहे.